डाव अर्धा टाकून उठताना

कॉम्प्युटर गेम्सबद्दल आपल्याकडे बोलतात ते दोन टोकांचे लोक. एकीकडे हाडाचे खेळाडू, ज्यांना ग्राफिक्स कार्डांची सगळी वंशावळ तोंडपाठ असते. दुसरीकडे काळजीने अर्धे झालेले पालक आणि त्यांना वर्तमानपत्रातून सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ. या दोघांच्या मधे एक भलीमोठी, गप्प बसलेली जमात आहे. रात्री ओटा-भांडी आवरली की अर्धा-पाऊण तास खेळणारी, रविवारी दुपारी वामकुक्षीऐवजी एखादा डाव टाकणारी, स्पर्धेत कधी न उतरणारी आणि 'मी गेमर आहे' असं चुकूनही कुणाला न सांगणारी. मी या जमातीतली. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला जात होते तेव्हापासून हाताला लागेल ते खेळत आले आहे, कशातच प्रावीण्य मिळवलेलं नाही, आणि मिळवायची इच्छाही नाही.

जाणकार परीक्षण लिहितात तेव्हा दृश्यं, आवाज, कथा अशा रकान्यांत गुण भरतात. मला ते रकाने फारसे उपयोगी पडत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दारावरची बेल वाजली किंवा नुसता कंटाळा आला, तर या खेळातून उठता येतं का, एवढंच मी बघते. आणि येत नसेल तर कशाने? पुढे काय होतंय याची उत्सुकता सोडत नाही म्हणून, की उठलो तर काहीतरी बुडेल अशी भीती घालून ठेवली आहे म्हणून? बरे खेळ आणि वाईट खेळ मी या एका प्रश्नावर वेगळे करते. ग्राफिक्स वगैरे नंतर.

फावल्या वेळच्या खेळांत मानाचं पान सॉलिटेअरचं. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर तो फुकट आला. लिहिला होता वेस चेरी नावाच्या, मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न म्हणून काम करणाऱ्या तरुणाने. पत्त्यांची चित्रं सुझन केअरची, मॅकिंटॉशची सुरुवातीची चिन्हं जिच्या हातची तीच ही. त्या काळी माउस ही नवलाई होती. बटण दाबून धरायचं, वस्तू ओढायची आणि नेमक्या जागी सोडायची, हे लोकांना शिकवावं लागे. पत्ते ओढता ओढता हात बसत गेला. चेरीने त्यात 'साहेब आले' की दाबायचं एक बटणही ठेवलं होतं, म्हणजे पडद्यावर लगेच हिशेबाचा तक्ता दिसावा. कंपनीने ते काढायला लावलं. (ते राहिलं असतं तर २००६ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी ज्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर पाहून त्याला घरी पाठवलं, त्याची नोकरी कदाचित वाचली असती.) १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर माइनस्वीपर आला, पुढे फ्रीसेल. फ्रीसेलमध्ये ३२,००० क्रमांकित डाव होते, आणि त्यांतला ११,९८२ क्रमांकाचा तेवढा सुटत नाही.

आपल्याकडे बँकांत, सरकारी कचेऱ्यांत, एसटीडी बूथच्या शेजारी उघडलेल्या डीटीपीच्या दुकानांत कॉम्प्युटर पोहोचले तेव्हा लोकांना त्यांची भीती वाटत होती. ती घालवण्यात या तीन खेळांचा वाटा कुठल्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा मोठा असावा, असं मला वाटतं. त्यांचा गुण एकच, पण मोठा. डाव पाच-दहा मिनिटांत संपतो. हरलात तर कुणी हिणवत नाही. सॉलिटेअरमध्ये जिंकलात तर पत्ते उसळ्या मारत पडद्यावरून खाली ओघळतात आणि झालं. खिडकी बंद केली की आपण तिथे बसलो होतो याची कुठे नोंदही राहत नाही. आज तोच सॉलिटेअर उघडून पाहा. विंडोज ८ पासून तो वेगळं ॲप झाला. त्यात रोजचं आव्हान आहे, महिन्याचं पदक आहे, मधे मधे जाहिराती आहेत आणि त्या नको असतील तर दरमहा वर्गणीची सोय आहे. बावन्न पत्ते तेच, नियम तेच. फक्त आता खेळाला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे.

आमच्या पिढीचा पुढचा अभ्यास क्लासात झाला. सर चहाला गेले की काळ्या पडद्यावर डॉसची आज्ञा टाइप करून 'डेव्ह' किंवा 'प्रिन्स' सुरू होई. 'डेंजरस डेव्ह' जॉन रोमेरोने एका डिस्कवर निघणाऱ्या मासिकासाठी लिहिला होता. हाच रोमेरो १९९३ च्या 'डूम'मुळे जगभर गाजला. पण माझ्या लेखी खरा खेळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर याने १९८९ मध्ये तो ॲपल टू या यंत्रासाठी केला. धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याने चित्रीकरण केलं आणि त्या हालचाली एकेक चौकट घेऊन गिरवल्या. म्हणून तो राजपुत्र पळताना थांबवला तर जागच्या जागी थांबत नाही. दोन पावलं घसरतो, तोल सावरतो. कड्याला बोटांनी लोंबकळणारं ते इवलंसं शरीर बघून आपल्याच पोटात खड्डा पडतो.

या खेळात एक आरसा आहे. वाट त्या आरशापाशी अडते आणि राजपुत्राला धावत येऊन त्यातून उडी मारावी लागते. तो इकडून बाहेर पडतो, त्याची सावली आरशातून पलीकडे निघून जाते आणि पुढे खोड्या काढत राहते. औषधाची बाटली तुमच्याआधी पिऊन टाकते, दार तोंडावर लावून घेते. शेवटाजवळ ती तलवार उपसून समोर उभी राहते. इतका वेळ समोर आलेल्या प्रत्येकाला मारत आल्यामुळे आपणही तलवार चालवतो, आणि सावलीला लागलेला प्रत्येक घाव आपल्याही प्राणांतून वजा होतो. मार्ग एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात. हे कुठेही लिहून सांगितलेलं नाही. मान मोडून संवाद वाचायला लावणाऱ्या कित्येक खर्चीक खेळांना एवढं साधत नाही.

आणि तरीही 'प्रिन्स' माझ्यासारख्यांशी कठोरच वागला. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं; मेलात तर पातळी पुन्हा सुरू होते, घड्याळ मात्र मागे जात नाही. अशा जुन्या खेळांना बहुधा 'सोपं करा' अशी कळ नसायची. ज्याची बोटं चपळ आणि दुपार मोकळी, त्याचं राज्य. या बाबतीत आजचा काळ फार बरा. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये डोंगर चढणारी एक मुलगी आहे. खेळ भयंकर अवघड, पण त्यात मदतीचा एक पर्याय दिला आहे: वेग कमी करा, दमसास अमर्याद करा, हवं तर मरणच बंद करा. २०२० च्या 'हेडीस'मध्ये एक सोय निवडली की सुरुवातीला तुम्हाला वीस टक्के कमी मार लागतो आणि प्रत्येक मरणानंतर आणखी दोन टक्के कमी. हरणाऱ्याला खेळ हळूहळू हात देत राहतो, पण कथा तीच ठेवतो. जुने-जाणते याला नाकं मुरडतात. चाळिशीनंतर बोटं आणि डोळे यांच्यातलं अंतर वाढतं, हे त्यांनाही यथावकाश कळेल.

बोटांपेक्षा मोठा त्रास डोक्याचा. नायकाच्या डोळ्यांतून जग दाखवणारे खेळ मला दहा-पंधरा मिनिटांवर सोसत नाहीत. घाटात एसटी लागते तसं होतं. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो आपण खुर्चीत आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. दृश्याचा कोन रुंद केला, चालताना पडदा हलतो ते बंद केलं, तर बराच फरक पडतो. हे पर्याय चांगल्या खेळात पहिल्याच पानावर असतात, आळशी खेळात चार याद्या खाली पुरलेले. खेळ बनवणाऱ्याने आपला विचार केला आहे की नाही हे तिथेच कळतं.

उठू न देणारे सगळेच खेळ वाईट असतात असं नाही. सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' १९९१ चा. एक वसाहत, दोन माणसं, भोवती अंधार; तिथून आगगाडी आणि अणुबॉम्बपर्यंतचा प्रवास. खेळ आळीपाळीच्या चालींचा आहे, मागे घड्याळ लागलेलं नाही, म्हणजे कधीही उठता येतं. आणि तरी रात्रीचा एक वाजतो. कारण प्रत्येक चालीच्या पोटात तीन-चार अर्धवट कामं असतात. दोन चालींत धान्याचं कोठार पुरं होणार, तीन चालींत जहाज पलीकडच्या किनाऱ्याला लागणार, पाच चालींत नवी विद्या हाती येणार. एक पुरं होईतो दुसरं तोंडाशी आलेलं. ही ओढ मला मान्य आहे, कारण ती खेळाच्या आतून येते. खेळ साठवून झोपलं तर उद्या जहाज तिथेच उभं असतं. ते बुडत नाही, आणि 'तुम्ही आला नाहीत' म्हणून मोबाइलवर निरोपही येत नाही.

'एज ऑफ एम्पायर्स'चंही तेच, फक्त तिथे घड्याळ पळत असतं. गावकरी लाकूड तोडतात, मेंढ्या पाळतात, आपण कोट बांधतो आणि तेवढ्यात शेजारी हत्ती घेऊन येतो. तासाभरात निकाल. १९९९ चा त्याचा दुसरा भाग २०१९ मध्ये नव्या रूपात निघाला आणि आजही खेळला जातो. २०२२ मध्ये त्यात भारताची भर पडली; आधी 'इंडियन्स' या एका नावाखाली कोंबलेल्यांतून बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी असे वेगळे गट झाले. एकाच खेळाला वीस-पंचवीस वर्षं नवी पालवी फुटत राहणं हे या धंद्यात दुर्मीळ आहे.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांत तयार, आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. एवढ्या एका नियमावर साम्राज्य उभं राहिलं. गावची जमीन कधीच विकून टाकलेल्या माझ्या एका मावशीने त्या स्ट्रॉबेरीसाठी घड्याळाचा गजर लावला होता. खेळण्यासारखं त्यात काही नव्हतं. टिचकी मारायची, वाट बघायची, परत टिचकी. पण न आल्याची शिक्षा होती, आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर मदतीची याचना होती. फ्लॅश हे तंत्र बंद पडलं तेव्हा, ३१ डिसेंबर २०२० ला, ते शेतही गेलं. कुणी फारसं हळहळलं नाही.

'कँडी क्रश' (२०१२) त्याहून हुशार. तो तुम्हाला चक्क उठवतो. पाच जीव, हरलात की एक जातो, आणि प्रत्येक जीव परत यायला अर्धा तास. माझ्या कसोटीवर हा पहिल्या नंबराने पास व्हायला हवा. पण हे उठवणं म्हणजे दारातून घालवून ओट्यावर ताटकळत ठेवणं. एकतर अर्ध्या तासाने परत या, नाहीतर पैसे मोजून आत्ताच आत या, नाहीतर ओळखीच्या दहा जणांना निरोप धाडून जीव मागा. आपल्या सगळ्यांना ते निरोप आलेले आहेत. बहुतेक लोक एक पैसाही भरत नाहीत. भरणाऱ्या थोड्यांवर सगळा डोलारा चालतो. तो डोलारा किती मोठा? 'कँडी क्रश' बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझर्डने ५.९ अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२३ मध्ये ती अख्खी कंपनी मायक्रोसॉफ्टने जवळजवळ ६९ अब्जांना. सॉलिटेअर फुकट वाटणारं घर ते हेच.

पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या खेळांतही हा रोग शिरला. २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' निघाला तेव्हा त्यात बंद पेट्या होत्या. आत काय निघेल ते नशीब. गाजलेली पात्रं मिळवायला एकतर तासन्‌तास राबा, नाहीतर पैसे मोजा, असा हिशेब होता. खेळाडूंनी असा काही गदारोळ केला की पैसे घेण्याची सोय कंपनीला तात्पुरती बंद करावी लागली. पुढच्या वर्षी बेल्जियमने अशा विकत घ्यायच्या पेट्या जुगारात मोडतात असं जाहीर केलं.

आपल्याकडे पेटीचा आडपडदाही नव्हता. सरळ रमी होती, आणि तिची जाहिरात करायला नट होते, क्रिकेटपटू होते. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, तरी धंदा थांबला नाही. जुलै २०२५ मध्ये तर राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका व्हिडिओवरून झाला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिना संपता संपता त्यांचं खातं बदललं आणि त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. नियतीलाही विनोद कळतो म्हणायचा. त्यानंतरच्याच महिन्यात संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. या भेदाचं मी स्वागत करते. फक्त 'कँडी क्रश'छाप खेळ दोन्हींच्या मधून सहीसलामत निसटतात, कारण तिथे पैसे जातात पण परत कधीच मिळत नाहीत, आणि त्यामुळे तो जुगार ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून खेळाचा विकार अधिकृतपणे आला आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. व्याख्या नीट वाचली तर बहुसंख्य मुलं तिच्यात बसत नाहीत, हे पालकांनी ध्यानात घ्यावं. हिंसक खेळांनी माणसं हिंसक होतात का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि माझ्याकडे त्यात भर घालण्याजोगं काही नाही. मला स्वतःला रक्तापेक्षा ऑनलाइन खेळातल्या शिव्यांचा त्रास जास्त होतो. भाच्याच्या आग्रहाने एकदा कानाला हेडफोन लावून त्याच्या टोळीत बसले. अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या तोंडी जे ऐकलं त्यानंतर तो नाद सोडला. दोघांनी शेजारी बसून खेळायचा असेल तर २०२१ चा 'इट टेक्स टू' आहे. घटस्फोटाच्या काठावरचं जोडपं, दोघांनी मिळून खेळल्याशिवाय पुढेच सरकत नाही, आणि प्रत दोघांत एकच पुरते. घरोघरी असायला हरकत नाही.

खेळ हे माध्यम म्हणून काय करू शकतं, असं कुणी विचारलं तर मी 'पेपर्स, प्लीज' दाखवते. लुकास पोप या एकट्या माणसाने तो २०१३ मध्ये केला. आर्स्टोट्स्का नावाच्या एका काल्पनिक, करड्या देशाच्या सीमेवर तुम्ही तपासनीस आहात. खिडकीपाशी माणूस येतो, कागद सरकवतो. मुदत संपली आहे का, फोटो जुळतो का, शिक्का खरा आहे का, हे बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. रोज सकाळी नवा नियम. जितकी माणसं तपासाल तितका पगार. चुकीला आधी ताकीद, मग दंड. संध्याकाळी हिशेब: भाडं, जेवण, घरातली ऊब. पोरगं आजारी पडलं तर औषध. सगळ्याला पैसे पुरत नाहीत. आज शेकोटी की जेवण, ते तुम्हीच खूण करून ठरवायचं.

सुरुवातीच्या दिवसांत एक नवरा येतो. त्याचे कागद चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा नीट वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत गेले तर मारतील, म्हणते. रांग वाढते आहे, घड्याळ पळतं आहे, आणि तुमच्या हातात दोन शिक्के. तिला सोडलं तर ताकीद, बहुधा पैसे जात नाहीत. पण दिवसातल्या माफीच्या चुका मोजक्या, आणि एक तिच्यावर खर्च झाली की पुढच्या खऱ्या चुकीला पोराचं औषध तुटतं. सरकारी खिडकीच्या या बाजूला आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. पलीकडच्या खुर्चीत बसवून, कागदातली चूक सापडल्याचा तो बारीकसा आनंद आपल्यालाच द्यायचा आणि मग त्याची लाज वाटायला लावायची, हे कादंबरीला इतक्या थेट जमेल असं मला वाटत नाही. ग्राफिक्स म्हणाल तर ओबडधोबड ठिपके. कुठल्याही जुनाट लॅपटॉपवर चालतो.

परदेशी खेळांत आपला मुलूख दिसला की कान टवकारले जातातच. २०१८ च्या 'हिटमॅन २'मध्ये मुंबईचा एक अख्खा भाग आहे. धोब्यांचे वाळत घातलेले कपडे, अर्धवट बांधलेला मनोरा, दाटीची वस्ती. ज्यांना मारायचं त्यांतल्या एका गुंडाचा चेहरा कुणाला ठाऊक नाही. एक वाट अशी की न्हावी बनून त्याचीच दाढी करायला बसायचं. कल्पना झकास, गर्दीही अस्सल वाटते. पण ही सगळी मुंबई आपसात इंग्रजीत बोलते. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) पश्चिम घाटात घडतो, होयसळांच्या बेलूर-हळेबीडच्या संदर्भांसह, शोध कशाचा, तर गणपतीच्या मोडलेल्या दाताचा. पावसातला घाट असा दाखवलाय की ट्रेकला जाणाऱ्यांनी बघावा.

पण मराठी माणसाच्या काळजाला खरा हात घालतो तो २००९ चा 'एम्पायर: टोटल वॉर'. क्रिएटिव्ह असेंब्ली ही इंग्लंडची कंपनी, आणि खेळता येणाऱ्या सत्तांमध्ये चक्क मराठे. १७०० साल, राजधानी सातारा, उत्तरेला मोगल. छाती फुगते. मग इतिहास आठवतो. १७०० उजाडलं तेव्हा औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा देऊन बसला होता. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले आणि एप्रिलमध्ये सातारा पडला. पुढची झुंज ताराबाईंनी हाती घेतली ती हिंडत्या सैन्यावर, एक किल्ला देऊन दुसरा घेण्यावर. खेळाला यातलं काही नको आहे. त्याला भरली तिजोरी, नकाशावर ठळक सीमा आणि मैदानात समोरासमोर उभ्या रांगा हव्यात, कारण तो मुळात युरोपच्या अठराव्या शतकासाठी बांधलेला साचा आहे. मराठे त्यात रंग बदलून बसवले. गनिमी कावा बसवायचा तर नियमच वेगळे लिहावे लागले असते: जागा राखल्याबद्दल नव्हे, वेळेवर पळ काढल्याबद्दल गुण देणारे. असा खेळ कुणीतरी करायला हवा, आणि तो इथल्याच कुणी केला तर उत्तम.

इथले करत नाहीत असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी नेटाने पुरा केला. धाकट्या भावाला राक्षसांनी पळवल्यावर त्याला शोधत निघालेली राजी, निवेदन करणारे विष्णू आणि दुर्गा, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. डोळ्यांचं पारणं फिटतं. मारामारी मात्र त्याच त्याच लकबीची होते आणि शेवट घाईने गुंडाळला आहे. पुढे त्यात हिंदी संवाद आले. मराठी बोलणारा मोठा खेळ मी अजून खेळलेले नाही. पुण्यात बसून केलेल्या खेळातही ती सोय नसावी याचं नवल वाटतं.

आणि अलीकडे असंही होतं की आपण उठायच्या आधी दुकानदारच पट आवरतो. 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ चा. एकट्याने खेळलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असावं लागे. ३१ मार्च २०२४ ला युबीसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि पैसे भरून घेतलेला खेळ सगळ्यांच्याच घरी निकामी झाला. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली; खेळ बंद करताना तो चालू शकेल अशा अवस्थेत ग्राहकाच्या हाती द्या, या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला की डिजिटल माल विकताना ही मालकी नाही, परवाना आहे, हे स्पष्ट सांगा. त्यानंतर खेळांच्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने पैसे भरायच्या पानावर तशी एक ओळ टाकली. म्हणजे फसवणूक होत होती ती आता लेखी झाली.

आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चोरीच्या सीड्यांवर वाढलो, त्यामुळे या विषयावर फार सोवळेपणाने बोलायचा अधिकार नाही. पण आता पैसे देऊन घ्यायची ऐपत आणि इच्छा दोन्ही आहे, तर घेतलेली वस्तू आपल्याकडे राहावी एवढंच मागणं आहे. जीओजी हे दुकान खेळाची पूर्ण फाइल उतरवून घेऊ देतं; ती हार्ड डिस्कवर ठेवली की दुकान बुडालं तरी खेळ उरतो. मी शक्यतो तिथून घेते. इंटरनेट अर्काइव्हने डॉसचे हजारो जुने खेळ ब्राउझरमध्येच चालतील असे ठेवले आहेत, ते वेगळंच. आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ कोड हरवला असं मेकनर समजून चालला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना जुन्या सामानात फ्लॉपींचं एक खोकं सापडलं. जाणकारांनी त्या वाचून दिल्या, आणि मेकनरने सगळा कोड कुणालाही बघता येईल असा नेटवर मोकळा करून टाकला.